खग्रास सूर्यग्रहणासाठी लांबचा प्रवास करावा का? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

थोडक्यात सांगा, जावं की नाही?

जावं. पण खग्रास पट्ट्याच्या, म्हणजे जिथून सूर्य पूर्ण झाकलेला दिसतो त्या चिंचोळ्या पट्टीच्या, आत पोचणार असाल तरच. पट्ट्याबाहेरच्या एखाद्या शहरात हॉटेल मिळालं आणि तिथून "जवळजवळ पूर्ण" दिसणार आहे, एवढ्यावर निघणार असाल, तर तिकीट काढू नका. आणि ढग आले तर सगळा प्रवासच पाण्यात गेला असं वाटणार असेल, तर ढगांबद्दलचा प्रश्न आधी वाचा, मग ठरवा.

आमच्या शहरातून ९५ टक्के ग्रहण दिसणार आहे. उरलेल्या पाच टक्क्यांसाठी एवढा खटाटोप कशाला?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि घोळ टक्केवारीने घातलेला आहे. परीक्षेत ९५ टक्के मिळाले की बाजी मारली, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. ग्रहणाचा हिशेब तसा चालत नाही. सूर्याची तबकडी इतकी प्रखर असते की तिचा पाच टक्के भागसुद्धा लख्ख उजेड द्यायला पुरतो. कोणी सांगितलं नाही तर ९५ टक्के ग्रहण चालू असल्याचं कित्येकांच्या लक्षातही येत नाही. ऊन जरा मवाळ झाल्यासारखं वाटतं, इतकंच.

माणसं समुद्र ओलांडून जातात ती सूर्याभोवतीचं प्रभामंडल, म्हणजे करोना, पाहायला. त्याचं तेज तबकडीच्या तेजाच्या साधारण दहा लाखाव्या हिश्शाएवढं, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या आसपास असतं. आता ९९ टक्के ग्रहण घ्या. उरलेली एक टक्का कोरही प्रभामंडलापेक्षा काही हजार पटींनी झगझगीत असते. ती आहे तोवर प्रभामंडल दिसत नाही, आकाश काळोखत नाही आणि डोळ्यांवरचा ग्रहणाचा चष्माही काढता येत नाही. पट्ट्याच्या वीस किलोमीटर बाहेर उभा असलेला आणि पाचशे किलोमीटर बाहेर उभा असलेला, दोघेही खंडग्रास ग्रहणच पाहून घरी जातात. म्हणून टक्केवारी विचारूच नका. आपण पट्ट्यात आहोत की नाही, एवढंच विचारा.

मग खग्रास अवस्थेत नेमकं दिसतं तरी काय?

स्पर्श झाल्यापासून, म्हणजे चंद्राची कड सूर्याला लागल्यापासून, सूर्य पूर्ण झाकेपर्यंत साधारण सव्वा तास जातो. पहिला पाऊण तास, खरं सांगायचं तर, संथ असतो. चष्म्यातून पाहिलं की सूर्याचा लचका तोडल्यासारखा दिसतो, चष्मा काढला की सगळं नेहमीसारखं. लोक गप्पा मारतात, पाणी पितात, कुणीतरी ट्रायपॉडशी झटापट करत असतं.

तीन चतुर्थांश सूर्य झाकला गेला की, लक्ष ठेवून असाल तर, उजेड विचित्र व्हायला लागलेला जाणवतो. संध्याकाळचा उजेड पिवळसर आणि तिरपा असतो. इथे सूर्य वर असूनही उजेड फक्त ओसरत जातो आणि रंग धातूसारखे फिके पडतात. झाडाखाली पाहावं, तर पानांच्या फटींतून जमिनीवर पडलेल्या प्रत्येक कवडशाची चंद्रकोर झालेली असते. सावल्या एका दिशेने कमालीच्या रेखीव होतात. हात पसरून त्याची जमिनीवरची सावली पाहिली, तर मनगटावरचे केससुद्धा सुटे सुटे दिसतात. हवा गार पडते, वारा बदलतो, पक्षी घरट्यांकडे वळतात.

शेवटच्या दोन-तीन मिनिटांत सगळ्याच गोष्टींची घाई होते. जमिनीवर पांढरी चादर अंथरली असेल, तर तिच्यावरून फिकट काळ्या-पांढऱ्या लाटा धावताना दिसू शकतात. हे छायापट्टे. दर वेळी दिसतीलच असं नाही. पश्चिमेकडचं आकाश, वादळ यावं तसं, काळंभोर होत जातं. ती चंद्राची छाया. तिचा वेग बहुधा ताशी दोन-अडीच हजार किलोमीटरच्या घरात असतो, त्यामुळे ती येताना दिसते आणि दिसेदिसेपर्यंत अंगावरून गेलेलीही असते. सूर्याची उरलीसुरली कड चंद्राच्या डोंगरदऱ्यांमुळे मण्यांसारखी तुटते, शेवटी एकच ठिपका उरतो आणि मग तोही विझतो.

त्या जागी एक काळं वर्तुळ असतं. नुसतं गडद नव्हे, काळं. भोवती मोत्याच्या रंगाचं प्रभामंडल, त्याचे धागे सूर्याच्या व्यासाच्या दुप्पट-तिप्पट लांब गेलेले. काळ्या कडेशी गुलाबी-लाल ज्वाला, नशीब असेल तर साध्या डोळ्यांनीही दिसणाऱ्या. शुक्र हमखास ओळखू येतो, बऱ्याचदा गुरूही. आणि क्षितिजावर चहूबाजूंनी एकाच वेळी सूर्यास्ताचा नारिंगी पट्टा, कारण छायेच्या पलीकडे अजून दिवसच असतो.

लोक ओरडतात, रडतात, काहीजण गप्प होतात. आपण कोणत्या गटातले, हे आधी सांगता येत नाही.

फोटो आणि व्हिडिओत हे सगळं दिसतंच की!

नाही दिसत. प्रभामंडलाचा आतला भाग बाहेरच्या भागापेक्षा शेकडो पटींनी उजळ असतो. कॅमेऱ्याने आतला भाग नीट टिपला की बाहेरचे धागे नाहीसे होतात, धागे टिपले की आतला भाग पांढराफटक पडतो. आपण पाहतो ती सुंदर चित्रं वेगवेगळ्या एक्स्पोजरचे अनेक फोटो एकत्र करून बनवलेली असतात. डोळा दोन्ही एकदम पाहतो. व्हिडिओत तर काळोख पडला की कॅमेरा आपणहून उजेड वाढवतो आणि होती-नव्हती ती सगळी जादू पुसून टाकतो.

दोन-तीन मिनिटांसाठी एवढा खर्च परवडतो का?

मिनिटांचा भाव काढायला बसलात, तर कधीच परवडणार नाही. खग्रास अवस्था जास्तीत जास्त साडेसात मिनिटांची असू शकते, आणि तीही शतकानुशतकांतून एखाद्या वेळी. एप्रिल २०२४ च्या ग्रहणात कमाल कालावधी ४ मिनिटं २८ सेकंद होता, ऑगस्ट २०२६ च्या ग्रहणाचा २ मिनिटं १८ सेकंद, ऑगस्ट २०२७ च्या ग्रहणाचा ६ मिनिटं २३ सेकंद.

लोक कालावधीच्या मागे फार लागतात, असं माझं स्पष्ट मत आहे. निरभ्र आकाशातली दोन मिनिटं ढगांमागच्या सहा मिनिटांपेक्षा कधीही सरस. शिवाय पट्ट्याच्या बरोबर मधून जाणाऱ्या मध्यरेषेवर जाऊन उभं राहण्याचा हट्टही गरजेचा नाही. छाया साधारण गोल असते आणि आपण तिच्या जीवेवरून जातो. शाळेतली भूमिती वापरली तर मध्यरेषा आणि काठ यांच्या बरोबर मधोमध उभं राहूनही ८७ टक्के वेळ मिळतो. काठाच्या अगदी जवळ गेल्यावर मात्र सेकंद झपाट्याने घटतात. म्हणजे मध्यरेषेपासून तीस-चाळीस किलोमीटर बाजूला चांगली, मोकळी, गर्दी नसलेली जागा मिळत असेल, तर बिनधास्त ती घ्या.

वेळ वाढवण्याचा कळस १९७३ साली झाला. ३० जूनच्या ग्रहणात काही शास्त्रज्ञ काँकर्ड विमानातून आफ्रिकेवरून छायेबरोबर उडत गेले आणि त्यांना ७४ मिनिटांची खग्रास अवस्था मिळाली. तो मार्ग आपल्याला मोकळा नाही.

आपल्या गावावरून ग्रहण जाईल तेव्हा पाहू. थांबलो तर?

पृथ्वीवर कुठे ना कुठे साधारण दर दीड वर्षाने खग्रास ग्रहण होतं, पण पट्टा जेमतेम शे-दीडशे किलोमीटर रुंद, कधी अडीचशे. त्यातला बराचसा समुद्रावरून जातो. कुठल्याही एका ठिकाणी ते सरासरी पावणेचारशे वर्षांतून एकदा येतं. लंडनने १७१५ साली खग्रास ग्रहण पाहिलं, खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅलीने त्याचा नकाशा आधीच छापून ठेवला होता. लंडनवर पुढचं येणार २१५१ साली. उलट अमेरिकेतल्या कार्बनडेल या छोट्या शहरावरून २०१७ आणि २०२४ अशी दोन ग्रहणं सात वर्षांच्या आत गेली. आपलं गाव कार्बनडेल निघेल, या भरवशावर बसायचं असेल तर बसा.

ढग आले तर?

येतात. हा या प्रवासातला खरा धोका, आणि त्याबद्दल गोड बोलण्यात अर्थ नाही. ११ ऑगस्ट १९९९ ला इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलमध्ये जमलेल्या लोकांपैकी बहुतेकांना ढगच दिसले. २२ जुलै २००९ चं ग्रहण या शतकातलं सर्वांत दीर्घ, ६ मिनिटं ३९ सेकंदांचं. बिहारमधल्या तारेगना गावी हजारो लोक लोटले होते, आणि सूर्य ढगांआड राहिला. शांघायमध्ये त्याच दिवशी पाऊस पडला.

ढगांखाली काहीच मिळत नाही असं नाही. काळोख दाणकन पडतो, कधीकधी निरभ्र दिवसापेक्षाही दाट, आणि गारवा जाणवतो. पण प्रभामंडल नाही, आणि त्याची भरपाई कशानेच होत नाही.

धोका कमी मात्र करता येतो. पट्ट्यातल्या कोणत्या भागात त्या महिन्यात आकाश किती वेळा स्वच्छ असतं, याची बऱ्याच वर्षांची उपग्रहांवरून काढलेली आकडेवारी उपलब्ध असते. जागा ठरवताना हॉटेलचे तारे नंतर मोजा, आधी हे आकडे पाहा. डोंगराची वाऱ्याकडची बाजू टाळा, ढग तिथेच अडतात. सकाळी लवकरचं ग्रहण असेल तर दरीतल्या धुक्यापासून दूर राहा. दुपारी उन्हाने उठणारे कापसासारखे छोटे ढग ग्रहणाच्या गारव्याने पुष्कळदा विरतात, त्यांना पाहून लगेच हाय खाऊ नका. मोठ्या हवामान प्रणालीचे, थराथरांचे ढग मात्र हलत नाहीत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हाताशी गाडी ठेवा. आदल्या संध्याकाळी उपग्रहाची चित्रं पाहून पट्ट्याला समांतर शंभर-दोनशे किलोमीटर सरकता येणं, हा सगळ्यात मोठा विमा. पहाटे निघा. ग्रहणाच्या तासभर आधी रस्त्यावर असाल, तर बहुधा ग्रहण रस्त्यावरूनच पाहाल.

पुढची ग्रहणं कोणती? त्यांतलं कुठलं निवडावं?

१२ ऑगस्ट २०२६: ग्रीनलँड, आइसलँडचा पश्चिम भाग आणि उत्तर स्पेन. आइसलँडमध्ये ढगांचा भरवसा नाही, आणि रेक्याविकमध्ये जेमतेम मिनिटभर मिळतं. स्पेनच्या आतल्या पठारी भागात आकाश बरंच चांगलं, पण ग्रहण सूर्यास्ताच्या सुमारास. वायव्य टोकाला सूर्य क्षितिजावर दहा-बारा अंश, पूर्वेकडे मायोर्का बेटावर दोनच अंश. हात सरळ पुढे धरला की मूठ साधारण दहा अंश भरते. म्हणजे पश्चिमेला टेकडी, इमारत, झाडांची रांग काहीही चालणार नाही. माद्रिद आणि बार्सिलोना दोन्ही पट्ट्याच्या थोडी बाहेर आहेत. तिथे राहून "इथूनच पाहू" म्हणणाऱ्यांची गत वर सांगितलीच आहे.

२ ऑगस्ट २०२७: दक्षिण स्पेन, मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया, इजिप्त, सौदी अरेबिया, येमेन, सोमालिया. एकच निवडायचं असेल तर माझं मत याला. लक्सरच्या आसपास सहा मिनिटांहून जास्त काळोख, सूर्य डोक्यावर, आणि ऑगस्टमध्ये तिथे ढग जवळपास नसतातच. ऊन मात्र चाळीस अंशांच्या वरचं, त्यामुळे सावली आणि पाण्याची सोय आधी बघा. स्पेनमधल्या मालागासारख्या शहरांत वेळ कमी, पण हवा सुसह्य.

या ग्रहणाचं घराणंही भारी आहे. ग्रहणं १८ वर्षं आणि साधारण ११ दिवसांनी त्याच साच्यात परत येतात, या चक्राला सॅरोस म्हणतात. २०२७ च्या आधीची भावंडं म्हणजे २००९ चं वर सांगितलेलं सर्वांत दीर्घ ग्रहण, १९९१ चं हवाई आणि मेक्सिकोवरचं, १९७३ चं काँकर्डवालं, आणि आणखी मागे गेलात तर २९ मे १९१९ चं. त्याच ग्रहणात ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर आणि दुसरा गट ब्राझीलमधल्या सोब्रालला गेला होता. सूर्याजवळचे तारे आपल्या जागेवरून किती सरकलेले दिसतात हे मोजलं गेलं, ते आइनस्टाइनच्या भाकिताशी जुळलं आणि त्याचं नाव जगभर झालं. ते दोन्ही गट गेले तेही लांबचा प्रवास करूनच, आणि प्रिन्सिपेला त्या दिवशी ढगांनी पुरतं छळलं.

२२ जुलै २०२८: ऑस्ट्रेलिया वायव्येकडून आग्नेयेकडे आडवा कापून थेट सिडनी, मग न्यूझीलंडचं दक्षिण बेट. वायव्येकडच्या किंबर्ली भागात तो कोरडा ऋतू असतो. महानगरात राहून खग्रास पाहायचं असेल तर सिडनी. सूर्य झाकलेला साधारण पावणेचार मिनिटं.

२५ नोव्हेंबर २०३०: नामिबिया, बोट्सवाना, दक्षिण आफ्रिका, आणि शेवटी ऑस्ट्रेलिया.

कंकणाकृती ग्रहणासाठीही असाच प्रवास करावा का?

वाटेत असेल तर पाहा. चंद्र लांब असल्यामुळे सूर्य पुरता झाकला जात नाही, झगझगीत कडं उरतं. देखणं असतं, पण प्रभामंडल दिसत नाही आणि चष्मा शेवटपर्यंत काढता येत नाही. त्यासाठी मी खंड ओलांडणार नाही.

डोळ्यांचं काय? चष्मा कधी काढायचा?

सूर्याचा एवढासाही भाग उघडा आहे तोवर आयएसओ १२३१२-२ (थेट सूर्य पाहण्याच्या चष्म्यांचं आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणित चष्मा डोळ्यांवर हवाच. एक्स-रे फिल्म, सीडी, एकावर एक चढवलेले गॉगल, काजळी धरलेली काच यांतलं काहीही चालत नाही. चष्म्यातून काहीच दिसेनासं झालं, शेवटचा ठिपका विझला, की चष्मा काढा. खग्रास अवस्था नुसत्या डोळ्यांनीच पाहायची असते. भीतीपोटी चष्मा लावून बसलेली माणसं समोरचं ग्रहण गमावतात, आणि अशी माणसं दर वेळी असतात. खग्रास संपताना सूर्याच्या दुसऱ्या कडेला पहिला ठिपका चमकला की लगेच नजर वळवा.

दुर्बिणीबद्दल एक इशारा. चष्मा लावून दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू नका. दुर्बीण एकवटलेल्या उन्हाने चष्म्याची फिल्म जाळू शकते. फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या भिंगांवर बसवायचा असतो. खग्रास अवस्थेत मात्र फिल्टर काढलेली साधी दुर्बीण अप्रतिम. कडेच्या लाल ज्वाला पाहायला तिच्यासारखं काही नाही. उन्मीलनाच्या, म्हणजे सूर्य पुन्हा डोकावण्याच्या, पंधरा-वीस सेकंद आधी ती खाली आलीच पाहिजे, म्हणून फोनवर गजर लावून ठेवा.

कॅमेरा न्यावा का?

पहिल्या खेपेला नको. फारच हात शिवशिवत असतील तर फोन मागे ट्रायपॉडवर लावा, तोंड माणसांकडे करा, रेकॉर्डिंग चालू करा आणि विसरून जा. माणसांचे आवाज आणि चेहरे नंतर ऐकायला-पाहायला जास्त मजा येते. सूर्याचे उत्तम फोटो दुसरं कुणीतरी काढणारच आहे.

टूरबरोबर जावं की स्वतःचं स्वतः?

भाषा, वाहतूक, व्हिसा अवघड असेल तिथे टूर. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा: निरीक्षणाची नेमकी जागा कोणती, तिथून सूर्याच्या दिशेचं क्षितिज मोकळं आहे का, आणि ढग असतील तर बस दुसरीकडे हलणार का. "ग्रहण विशेष सहल" म्हणून विकलेल्या कार्यक्रमात ग्रहणाच्या जागेचं नावच नसेल, तर तो कार्यक्रम ग्रहणाचा नाही.

बोटीचा पर्याय चांगला. कप्तान ढगांतून फट शोधू शकतो. मोठ्या भिंगाने फोटो काढणाऱ्यांना मात्र बोट हलते.

पट्ट्यातल्या खोल्या दोन-दोन वर्षं आधी भरू लागतात आणि भाव चढतात. पट्ट्याबाहेर मुक्काम करून पहाटे आत शिरणं स्वस्त पडतं, फक्त त्यासाठी खरंच उठावं लागतं. ग्रहण संपल्यावर सगळे एकदम निघतात. २०१७ आणि २०२४ मध्ये अमेरिकेत त्यानंतर कित्येक तासांच्या रांगा लागल्या होत्या. त्या दिवशीचं परतीचं विमान ठेवू नका. मोक्षापर्यंत, म्हणजे चंद्र सूर्यावरून पूर्ण बाजूला होईपर्यंत, बसून राहा.

लहान मुलांना न्यावं का?

सांगितलेलं ऐकून चष्मा लावणारं मूल असेल तर जरूर. त्याहून लहान असेल, तर एका मोठ्या माणसाचं सगळं ग्रहण त्याच्याकडे लक्ष देण्यात जाईल, हे गृहीत धरा आणि तो माणूस कोण हे आधी ठरवा. आजी-आजोबांना न्यायचं असेल तर खुर्ची, सावली आणि स्वच्छतागृह या तीन गोष्टींवरून जागा निवडा.

आता उपग्रह आहेत. शास्त्राच्या दृष्टीने ग्रहणाला काही किंमत उरली आहे का?

१८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ज्यूल जान्सन गुंटूरला आला होता. त्या दिवशी सौरज्वालांच्या वर्णपटात दिसलेली पिवळी रेषा पुढे हेलियमची ठरली. तसे शोध आता ग्रहणावर अवलंबून नाहीत. भारताच्या आदित्य-एल१ यानावरचा करोनाग्राफ सूर्याची तबकडी झाकून प्रभामंडल पाहतो. डिसेंबर २०२४ मध्ये श्रीहरिकोटाहून गेलेल्या युरोपच्या प्रोबा-३ मोहिमेत तर एक यान दीडशे मीटरवरच्या दुसऱ्या यानासाठी सूर्य झाकतं. तरी प्रभामंडलाच्या अगदी तळाचा भाग जमिनीवरून ग्रहणात आजही उत्तम दिसतो, त्यामुळे संशोधक पट्ट्यात येतातच. तुमच्या शेजारी तंबू ठोकून बसलेले असले, तर प्रश्न आधी विचारा. शेवटच्या दहा मिनिटांत ते कुणाशीही बोलत नाहीत.

कुणी जाऊ नये?

कर्ज काढून जाणाऱ्याने. प्रवासाचा तिटकारा असणाऱ्याने. आणि त्या देशात ग्रहणाशिवाय दुसरं काहीच पाहण्याची इच्छा नसणाऱ्याने. ढगांनी दगा दिला तरी आठवडा चांगला गेला असं म्हणता येईल, अशीच जागा निवडा.

उरलेले चष्मे पुढच्या ग्रहणाला चालतील का?

ओरखडा, भोक, घडी किंवा फ्रेमपासून सुटलेली फिल्म नसेल, तर चालतात. घरातला दिवा त्यातून दिसला, तर फेकून द्या.